दाराच्या फटीतली पट्टी

४ फेब्रुवारी

आई ठीक आहे. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

वृद्धाश्रमाच्या धोबीखोलीत दुपारी आग लागली. चादरी वाळवायचं यंत्र पेटलं. आग एवढीशी, दोन बादल्यांत विझली. पण धुरानं सगळा कॉरिडॉर भरून टाकला. आईची खोली धोबीखोलीच्या शेजारचीच. दार बंद होतं तरी धूर आत शिरला. मी पोचले तेव्हा तिला अंगणात खुर्चीवर बसवलं होतं, नाकाखाली काजळीच्या दोन रेघा, आणि मला बघून बाईसाहेब काय म्हणाल्या असतील? "कारखान्यातून अशीच आलीस? जेवलीस का?" मला तिथंच रडू फुटलं, चारचौघांत.

मग आत जाऊन दार बघितलं. दार आणि चौकट यांच्यातली फट बुजवायला रबराची पट्टी असते ना, ती शेजारच्या झळेनं पेटून थेंबाथेंबानं खाली गळली होती. फरशीवर काळे डाग. मी रबराच्या कारखान्यात मिश्रणं ठरवणारी बाई. कुठल्या रबरात काय घालायचं हे सांगण्याचा पगार घेते. आणि दर रविवारी त्याच दारातून ये-जा करताना ती पट्टी कसली आहे हे मला एकदाही बघावंसं वाटलं नाही. थू माझ्या अकलेवर.

संध्याकाळी दादाचा फोन. परदेशात बसून काळजी करतो. "तरी मी म्हणत होतो, तिला तुझ्याकडेच ठेव." मी म्हटलं, तू ठेव. आणि फोन आपटला. ती बाथरूममध्ये पडली तेव्हा मी कारखान्यात होते. शेजारणीला कळेपर्यंत ती तशीच पडून होती. त्यानंतरच तिला तिथे ठेवलं. हे त्याला किती वेळा सांगायचं?

७ फेब्रुवारी

आश्रमात आगीचे तपासनीस येऊन गेले. त्यांचं म्हणणं साधं आहे. पट्टी पेटता कामा नये आणि दार असं घट्ट बसलं पाहिजे की धूर आत येणार नाही. तोवर परवानगी टांगणीला. मेट्रन रडकुंडीला आलेली. मी तोंड उघडलं आणि बोलून बसले, "पट्टी मी करून देते."

मालकांना सांगितलं तर ते खुश. "ताई, हे जमलं तर शाळा, दवाखाने, सगळी दारं आपलीच की!" मला सगळी दारं नकोत. मला एक दार हवंय.

१५ फेब्रुवारी

कृत्रिम रबर म्हणजे शेवटी तेलाचंच पोर. पेटणारच. त्याला पेटू द्यायचं नसेल तर त्यात दगडमाती कोंबायची, हा आमचा धंदा. मी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पांढरी पूड घेतलीय. दिसायला अगदी टाल्कम पावडर. पण तिच्या कणाकणात पाणी बांधलेलं असतं. हाताला ओल लागत नाही, डोळ्याला दिसत नाही. ज्वाळेनं तापली की ती ते पाणी सोडते आणि रबर पेटायच्या आत गार होतं. मला ही पूड आवडते. गरज पडली तरच तोंड उघडते.

पण चिमूटभर घालून भागत नाही. रबरापेक्षा पूड जास्त घालावी लागते. आज पैलवानानं पहिला घाणा काढला. पैलवान म्हणजे आमचा मिक्सरवाला, वजन जेमतेम माझ्या छत्रीएवढं. "मॅडम, हे रबर आहे का भिंतीचा गिलावा?" असं म्हणत त्यानं तुकडा वाकवून दाखवला. कट्टकन मोडला.

१६ फेब्रुवारी

घाईघाईत पैलवानानं मिक्सर फार तापू दिला. पुडीतलं पाणी आगीपर्यंत पोचायच्या आधी मिक्सरातच उडालं. सगळ्या पट्टीवर गोवर उठल्यासारखे फोड. घाणा फुकट. त्याला झाप झाप झापलं, मग वाईट वाटलं म्हणून चहा पाजला.

२७ फेब्रुवारी

कात्रीत सापडलेय. पूड वाढवली की पट्टी पेटत नाही, पण लाकडासारखी होते. नरम करायला तेल घातलं की छान लवते, आणि ज्वाळा दाखवली की देवघरातल्या समईसारखी तेवत राहते. पूड कमी करू की तेल कमी करू, तेल कमी करू की पूड कमी करू. प्रयोगशाळेला खिडकी नाही. पंखा लावला तर पूड उडते, नाही लावला तर जीव गुदमरतो. स्वप्नातसुद्धा मी तराजूवर पूड घालत असते आणि काटा हलत नाही.

रविवारी आईला हे सगळं सांगत बसले. तिला काय कळणार? पण ऐकत होती. समोरच्या खोलीतल्या मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाली, "माझी मुलगी आपल्या सगळ्यांच्या दारांसाठी न जळणारं रबर करतेय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जमलं नाही तर?

९ मार्च

जमलं! जमलं, जमलं, जमलं!

पट्टी टांगली, खालून ज्वाळा लावली, ज्वाळा काढली. पट्टी जागच्या जागी विझली. थेंब नाही, धुराची जेमतेम एक रेघ. परत केलं. परत तेच. पैलवान टाळ्या पिटत होता. बाहेरच्या तपासणीतही पास होणार, पैजेवर सांगते.

थोडी कडक आहे. कडकपणा मोजायची सुई मला हवं होतं त्याच्या बरीच वर गेली. नखानं दाबली तर नखच दुखलं. असू दे. दाराच्या पट्टीला काय गादी व्हायचंय?

२० मार्च

आश्रमात सगळ्या दारांना पट्ट्या बसल्या. दुपारी सुतारकाकांचा तिथून फोन. "ताई, पट्टी लय टणक आहे हो. दार लोटलं की पट्टीवर आपटून मागं येतं. शेवटची फट बंदच होत नाही." मी म्हटलं, काका, दाराच्या माथ्यावर क्लोजर आहे ना, दार आपोआप लावणारा, त्याची स्प्रिंग आवळा. जोर वाढवा. तो दाबेल पट्टीला. ते म्हणाले, "आवळू? मग दार जड होईल." मी म्हटलं, जड झालं तर होऊ दे, धूर अडला पाहिजे. आवळली. संध्याकाळी तपासनिसांनी धूर सोडून बघितला. एक वेटोळं आत गेलं नाही. पास. मेट्रननं मला मिठी मारली.

किती दिवसांनी नीट झोप येईल आज.

२९ मार्च

आईच्या खोलीत गेले. बाहेरून खांद्यानं दार ढकललं, आत शिरले, मागे ते आपोआप असं बसलं की कॉरिडॉरमधला आवाज एकदम बंद. बाजूला कुणी रेडिओ लावला होता, तोही गप्प. ती पलंगावर बसून होती. मी विचारलं, "कसं वाटतंय नवीन दार?"

"छान आहे गं. शांत वाटतं."

मेट्रनही खुश आहे. म्हणाली, वॉर्ड किती शांत झालाय, उगाच कॉरिडॉरमध्ये कुणी भटकत नाही. फक्त घंट्या फार वाजवायला लागलेत म्हणे, एवढ्या-तेवढ्याला नर्सबाईंना बोलावतात. लाडावलेत.

५ एप्रिल

आज आईशी वाजलं. मी पोचले तर तिचं दार अर्धवट उघडं. खाली बघते तर फटीत तिची चप्पल अडकवलेली. म्हटलं, आई, अगं हे आगीचं दार आहे, ते बंदच राहायला हवं! मी जिवाचं रान करून पट्टी केली ती काय शोभेला? मेट्रन म्हणते सगळेच असं करतात, कुणी चप्पल, कुणी उशी, कुणी काठी; सांगून थकले. म्हाताऱ्या माणसांना वारा हवा असतो, दुसरं काय. मी चप्पल उचलून पलंगाखाली ठेवली आणि दार लावलं.

आई म्हणाली, "बरं बाई, नाही ठेवणार," एवढंच. मग तिनं मनगट चोळलं. सांधे धरलेत म्हणाली. पुढच्या वेळी मलम न्यायला हवं.

१२ एप्रिल

मलम दिलं. दोन्ही मनगटं सुजलीत तिची. वयच ते.

पण माझं मन दुसरीकडेच अडकलंय. ती माझ्यावर रुसलीय. रुसलीच आहे. आधी मी आले की ती दिवाणखान्यात मुख्याध्यापिकाबाईंशी पत्ते खेळत सापडायची, मला म्हणायची थांब जरा, डाव अर्धा टाकून येत नाही. आता कधीही जा, खोलीतच. पत्ते का नाही म्हटलं तर म्हणे कंटाळा येतो. मी थर्मासमधून चहा नेला होता, तिच्या आवडीचा, आल्याचा. घोटभरसुद्धा घेतला नाही. म्हणे नको, मग परत जावं लागतं. बाथरूम कॉरिडॉरच्या पलीकडे आहे, पण किती लांब? चार पावलं! आधी चहासाठी भांडायची ही बाई.

मला शिक्षा करतेय. तिला इथे टाकली म्हणून. बोलत नाही, आणि न बोलून बोलते. मी बसमध्ये तोंड फिरवून बसले, शेजारच्याला दिसू नये म्हणून.

१९ एप्रिल

आश्रमातून फोन: आई चक्कर येऊन पलंगावरच कलंडली. डॉक्टर म्हणाले अंगात पाणी कमी झालंय, शिवाय मनानं खचलीय. या वयात असं होतं, माणसं स्वतःला खोलीत कोंडून घेतात. एक गोळी लिहून दिली. मी तिचा हात धरून विचारलं, "आई, माझ्यावर राग आहे का? घरी यायचंय का? सांग ना." ती हसली. "तुझ्यावर कसला राग? तू किती केलंस आमच्यासाठी. इथे सगळ्यांना सांगते मी." आणि दाराकडे बघत राहिली.

सगळ्यांना सांगते म्हणे. बाहेर पडत नाही, तर सांगते कुणाला?

२० एप्रिल

मालकांना दोन दवाखान्यांची आणि एका शाळेची मागणी आली आहे. माझ्या सहीनं पट्टी जाणार. पेढे वाटावेत तसे ते कारखाना हिंडत होते. मी हसले. आतून काही हललं नाही. दादा म्हणतो आईला गोळ्यांनी बरं वाटेल. बरं वाटू दे बाबा कुणाला तरी.

३ मे

काय लिहू. लिहायलाच हवं.

आज आश्रमात आगीची तालीम होती. मेट्रननं मला मुद्दाम बोलावलं, पट्टीवाली पाहुणी म्हणून. मी इस्त्रीची साडी नेसून गेले होते. देवा. तपासनीस, मेट्रन, मी, आम्ही कॉरिडॉरच्या टोकाला उभे. नियमाप्रमाणे दारांतल्या चपला, उशा सगळं काढलेलं, दारं बंद. नर्सबायांना सांगितलेलं की मदत करायची नाही, चालती-फिरती माणसं आपली आपण बाहेर येतात का ते बघायचंय.

घंटा वाजली. मोठी, कान किटतील अशी.

एकही दार उघडलं नाही.

मेट्रन म्हणाली, ऐकू आली नसेल, पट्टीमुळे आवाज जात नाही ना. तपासनीस म्हणाले, घंटा खोल्यांमध्येपण आहे. आम्ही उभे. दोन्ही बाजूंना दारं, गुळगुळीत, एका ओळीत, माझ्या पट्टीनं चारी बाजूंनी गच्च बसलेली. मग मला एका दाराची मूठ हलताना दिसली. खाली गेली, वर आली. खाली गेली, वर आली. समोरचीही हलत होती. पलीकडचीही. कॉरिडॉरभर मुठी हलत होत्या आणि दारं जागची हलत नव्हती.

माझे पाय कसे चालले मला माहीत नाही. आईचं दार खांद्यानं ढकललं तर ते तिच्यावर आदळता आदळता राहिलं. ती दाराला अगदी चिकटून उभी. पायात चपला, खांद्याला पिशवी, केस विंचरलेले. तालमीसाठी तयार होऊन बसली होती ती! दोन्ही हात मुठीवर, तोंड लालबुंद. "ओढतेय गं मी," ती म्हणाली, "मघापासून ओढतेय."

बाहेरून ढकलायचं असतं. आतून ओढायचं असतं. मी कायम बाहेरून आले. जाताना माझ्या दणकट हातांनी ओढलं, आणि जड आहे हे मला कळलंसुद्धा नाही.

"आई, कधीपासून?"

"अगं, हळू बोल."

"कधीपासून उघडत नाही हे?"

तिनं माझ्या खांद्यावरून तपासनिसांकडे बघितलं आणि माझा हात दाबला. सुजलेल्या मनगटानं. कानाशी येऊन म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. तुझं नाव जाईल. मी त्या सगळ्यांनापण सांगितलंय, तक्रार करायची नाही."

समोरून मुख्याध्यापिकाबाईंना बाहेर काढलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. शाळेत नापास झालेल्या पोराकडे बघावं तसं नाही. कीव आल्यासारखं. ते जास्त लागलं.

४ मे

चहा घेत नव्हती. पत्ते सोडले. चप्पल. मनगट. मी म्हणत होते, ती रुसलीय. मीच लिहिलंय हे सगळं, वर आहे, माझ्याच अक्षरात. हे लिहिण्याऐवजी वाटीभर अक्कल खाल्ली असती तर बरं झालं असतं. डॉक्टरची गोळी खिडकीतून फेकून दिली.

सुतारकाकांनी आज सगळ्या क्लोजरच्या स्प्रिंगा ढिल्या केल्या. दारं उघडतात. आणि धूर आत येतो. तपासनिसांनी लगेच दाखवून दिलं. म्हणजे कोंडून मारायचं की धुरानं, एवढंच मी ठरवायचं. कॉरिडॉरमध्ये चोवीस तास माणूस बसवायचा या अटीवर थोडी मुदत मिळालीय. आईला मी घरी आणलंय. माझ्या दोन खोल्यांत. रजा टाकली.

५ मे

रजेवर असूनही मालकांकडे गेले. सांगितलं, दवाखान्यांची पट्टी थांबवा. ते म्हणाले, "ताई, तुमची पट्टी ज्वाळेला पास. दार धुराला पास. स्प्रिंग सुतारानं आवळली. यात आपली चूक दाखवा बरं कुणी!" खरंच दाखवता येत नाही. सगळे पास आहेत. फक्त माणसं आत आहेत.

मी म्हटलं, "आवळायला मी सांगितलं होतं. मी सही करणार नाही."

"मग दुसरं कुणी करेल."

"करू दे. मी त्या दवाखान्यांना फोन करून सांगेन."

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, महिनाभर देतो. त्यात दुसरी पट्टी नाही निघाली तर तुम्ही तुमचा मार्ग बघा, मी माझा.  या वयात मला दुसरीकडे कोण घेणार?

१३ मे

आई घरात फिरते. फिरते म्हणजे काय, सगळी दारं उघडत-लावत हिंडते. बाथरूमचं, कपाटाचं, बाल्कनीचं. मी तिला हिंडू देते.

पट्टीचं सुचलं ते स्वयंपाकघरात. रबराला नरम करायच्या मागे मी इतके दिवस धावतेय. पण कडक पत्रासुद्धा पातळ केला की वाकतोच ना? भरीव पट्टीऐवजी पोकळ नळी काढायची, भिंत पातळ, वर जिभेसारखी एक कड. पूड तेवढीच राहील, पेटणार नाही, आणि दाराचा नुसता भार पडला तरी दबेल. पैलवान म्हणतो साच्यातून नळी निघता निघता फाटेल. फाटू दे, परत काढू.

२६ मे

फाटली. परत फाटली. पूड जरा बारीक दळलेली घेतली, कणांवर मेणासारखा लेप दिलेली, म्हणजे रबराशी जमवून घेते. आज काढली ती अखंड आली. ज्वाळेला विझली. कडकपणा मोजायच्या सुईकडे मी बघितलंसुद्धा नाही. सुईनं दार उघडत नाही.

३० मे

पोकळ पट्टीचं पहिलं दार आज तयार झालं. सुतारकाकांनी कारखान्याच्या अंगणात नुसती चौकट उभी केली, आजूबाजूला भिंत नाही, काही नाही, मोकळ्या अंगणात एक दार. क्लोजर वरती, धूर अडेल इतपतच आवळलेला. मी ओढलं, उघडलं. पैलवानानं ओढलं, उघडलं. आमच्या उघडण्याला काय किंमत आहे?

म्हणून रिक्षानं आईला घेऊन आले. तिला एका बाजूला उभं केलं, मी दुसऱ्या बाजूला. मालकही येऊन उभे राहिले हाताची घडी घालून. मुदत संपत आलीय ना.

"ओढ," मी म्हटलं.

मूठ खाली गेली. दार हललं नाही.

"उघडतंय का आई?"

"उघडतंय की!" पलीकडून आवाज आला. एकदम ठसठशीत, चारचौघांत मुलीची बाजू घ्यायचा तिचा ठेवणीतला आवाज.

मी चौकटीला वळसा घालून पलीकडे गेले. ती दोन्ही हातांनी मुठीला लोंबकळली होती. दार बंद. आणि माझ्याकडे न बघता, मालकांना ऐकू जाईल असं, परत म्हणाली, "मस्त उघडतंय."

पैलवानाला हसू आलं आणि त्यानं ते गिळलं.  मी तिथंच मातीत बसले, तिच्या पायांशी. तिचा पाय धरून म्हटलं, "आई, तू असं म्हणालीस ना, तर मी हे खरं धरीन. मी असंच दवाखान्यात लावीन. तिथे तुझ्यासारखी कुणीतरी आत असेल, आणि तिला बाहेर काढायला तिची मुलगी नसेल. माझं नाव गेलं तर जाऊ दे. मला खरं सांगणारं दुसरं कुणी नाही गं."

तिनं मालकांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मूठ सोडली आणि हात झटकले.

"नाही उघडत," ती म्हणाली. "दगड आहे नुसता. कसलं केलंयस हे? आणखी पातळ कर."

मी पैलवानाला चौकटीवरची पट्टी उतरवायला सांगितली.